नोकरी सोडून चित्रं: नागपुरातली माझी पहिली दोन वर्षं

गेल्या काही महिन्यांत चित्रकलेच्या मुलामुलींचे साधारण एकाच अर्थाचे मेसेज येत आहेत. "ताई, फ्रीलान्स इलस्ट्रेशन करायचं आहे. पुण्या-मुंबईला न जाता जमतं का? सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. यात पैशांचे आकडे आहेत, सरकारी कागद आहेत, थोडी कुरकुर आहे. चित्र चांगलं कसं काढायचं हे मात्र नाही.

मी रामदासपेठेतल्या एका जाहिरात संस्थेत काम करत होते. बिल्डरांची माहितीपत्रकं, दवाखान्यांची होर्डिंग, आणि निकालाच्या मोसमात कोचिंग क्लासच्या टॉपर मुलांचे फोटो ओळीने लावलेल्या पानभर जाहिराती. पगार २६,००० रुपये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडायचं ठरवलं आणि लगेच सोडलं नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबले. माझ्या हिशेबाने तो दीड लाख होता, कारण मी आईबाबांकडे प्रताप नगरला राहते, भाडं नाही. भाडं देत असाल तर आकडा आधी वाढवा, मग राजीनामा लिहा.

घरी सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. बाबा वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त झालेत, त्यांना एक तारखेची सवय. त्यांनी चित्रांबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढंच विचारलं, "अन् बिल नाही दिलं त कोणाच्या मागं फिरशील?" त्या वेळी राग आला होता. पुढच्या दोन वर्षांत जे काही शिकले त्यातलं बरंचसं याच एका प्रश्नाचं उत्तर होतं.

जानेवारी ते मे २०२३ रात्री बसून पोर्टफोलिओ केला. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर साइटवर खुल्या परवान्याच्या, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यातली एक घेऊन तिची बारा पानं नव्याने चितारली. पान उलटताना चित्र काय करतं हे तेव्हा कळलं, होर्डिंगमध्ये ते कधीच कळत नाही. सामान फार लागलं नाही. लहान पेन टॅबलेट सीताबर्डीतून साडेपाच हजारांना, जुना पण रंग बरे दाखवणारा मॉनिटर नऊ हजारांना. सॉफ्टवेअर सुरुवातीला क्रिटा, ते फुकट आहे आणि पुरतं. आयपॅड घेतल्याशिवाय कामं मिळत नाहीत असं कोणी सांगितलं तर तो आयपॅड विकणारा असेल.

एक गोष्ट नोकरी सोडण्याआधी करा. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचे हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे मालकाचे असतात. मी शेवटच्या आठवड्यात संस्थेला ईमेल करून माझी कोणती कामं पोर्टफोलिओत दाखवू शकते ते विचारलं आणि 'हो' लेखी घेतलं. निरोपाच्या समोशांच्या आधी मागितलं तर सहज मिळतं. नंतर कोणी ईमेल उघडत नाही.

३१ मे २०२३ हा नोकरीचा शेवटचा दिवस. जून कागदांत गेला.

पहिला कागद उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि हे पूर्ण फुकट आहे. नीट वाचा: फुकट. शोधायला गेलं की वर सरकारी वाटणाऱ्या, तिरंगा लावलेल्या खासगी साइट दिसतात आणि त्या 'शुल्क' मागतात. साइटच्या पत्त्याच्या शेवटी gov.in ही सरकारी खूण आहे का ते पाहूनच पुढे जा. अर्जात 'सेवा' निवडायचं, आणि व्यवसायाच्या सांकेतिक आकड्यांत ७४१० या गटात डिझाइनची कामं सापडतात. प्रमाणपत्र ईमेलवर आलं, त्यावर मी 'सूक्ष्म उद्योग'. बाबांनी ते प्रिंट काढून कपाटात लग्नपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवलं. मला त्याचा तेव्हा काही उपयोग दिसत नव्हता.

दुसरा व्यवसाय कर. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, ३० जूनच्या आत. कमाई झाली नाही म्हणून माफी नाही. हे मला एका सीए ताईंनी सांगितलं. त्यांची फी वर्षाला चार हजार, आणि ती मी कधी घासाघीस न करता देते.

बँकेचं सोपं होतं. स्टुडिओला वेगळं नाव द्यायचं असेल तर त्या नावाने चालू खातं लागतं आणि बँक व्यवसायाचे दोन पुरावे मागते, बहुतेक वेळा उद्यम आणि गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी). मी स्वतःच्याच नावाने काम करायचं ठरवल्यामुळे ती कटकट टळली. फक्त कामाच्या पैशांसाठी वेगळं बचत खातं उघडलं, म्हणजे मार्चमध्ये भाजीचे आणि बिलांचे आकडे एकमेकांत सापडत नाहीत. जीएसटीचं विचाराल तर सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मी त्या आकड्याच्या आसपासही नाही. तरी प्रत्येक ग्राहक "जीएसटी नंबर?" विचारतोच, म्हणून बिलावरच एक ओळ छापून टाकली.

कागद झाले, कामं नव्हती. जुलै जवळजवळ कोरडा गेला. शेजारच्या काकूंनी मुलीच्या डोहाळजेवणाची पत्रिका काढून मागितली, "तू घरीच असतेस ना आता". काढून दिली. काकूंना नाही म्हणायची हिंमत कोणत्याच करारात नसते.

ऑगस्टपासून सकाळी महालातल्या चितार ओळीत जाऊन बसायला लागले. गणपतीच्या आधीची चितार ओळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माती, पेंढा, अर्धवट मूर्ती आणि त्यांतून वाट काढत जाणाऱ्या स्कूटी. मी स्केचबुक घेऊन एका मूर्तिकार काकांच्या दाराशी बसायचे. चित्रांसाठी गेले होते, पण माझी नजर हळूहळू त्यांच्या वहीवर गेली. कोणी मूर्ती सांगायला आलं की काका हातातलं काम तसंच ठेवायचे, बोटांची माती फडक्याला पुसायचे आणि वही उघडायचे. नाव, मंडळ, उंची फुटात, इसार, न्यायची तारीख. मग सही. एक मंडळवाले पोरगे म्हणाले, पैसे नंतर देतो, तुम्ही सुरू तर करा. काका म्हणाले, "इसार नाही त माती नाही." दुसऱ्या एकाला पितांबराचा रंग बदलून हवा होता. त्याला उत्तर मिळालं, "आखणीच्या आधी सांगा. डोळे झाल्यावर मी हात लावत नाही."

त्याच दिवशी घरी येऊन मी माझं कामाचं पत्र लिहिलं. एक पान, मराठीत. काय काढायचं, किती चित्रं, कोणत्या मापाची, कच्चं रेखाटन कधी, पक्कं कधी. अर्धे पैसे आधी. कच्च्या रेखाटनावर दोनदा बदल फुकट. रंग भरल्यावरचा प्रत्येक बदल वेगळ्या पैशांचा. मध्येच काम रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत नाही. पहिल्यांदा पाठवताना हात थरथरत होता, समोरचा पळून जाईल असं वाटलं. काही जण गेलेही. जे गेले त्यांचे पैसे बहुधा आलेच नसते असं आता वाटतं.

दराचं थोडक्यात. महिन्याला मला २५,००० हवेत. महिन्यातले निम्मे दिवस ईमेल, फोन, बिलं, नवी कामं शोधणं यात जातात, त्याचे पैसे कोणी देत नाही. उरतात दहा-बारा दिवस. म्हणजे दिवसाला अडीच हजारांच्या खाली उतरलं की मी खिशातून भरते आहे. चित्राला किती दिवस लागतील ते धरायचं आणि गुणायचं. 'प्रत्येक चित्राचा रेट काय' या प्रश्नाला मी आजही सरळ उत्तर देत नाही. 'कुठे वापरणार, किती वर्षं' हे आधी विचारते.

१५ सप्टेंबर २०२३ ला तान्हा पोळा होता, म्हणजे नागपुरातली मारबतीची, मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, आणि "घेऊन जा गे मारबत" ची आरोळी. गर्दीत उभं राहून काढलेल्या रेघोट्यांवरून घरी सहा चित्रांची मालिका केली आणि ऑनलाइन टाकली. पैशाचं काम नव्हतं ते. पण मला पुढे मिळालेली तीन मोठी कामं 'तुमची ती मारबत पाहिली' या वाक्यानेच सुरू झाली. पुण्याच्या लोकांसाठी मी दुसरी पुणेरी चित्रकार होऊन काय उपयोग होता? त्यांच्याकडे त्या भरपूर आहेत.

त्याच सुमारास दोन दिवाळी अंकांची कामं आली. दिवाळी १२ नोव्हेंबरला, म्हणजे चित्रं सप्टेंबरअखेर द्यायची. आतल्या काळ्यापांढऱ्या चित्राला १,२०० रुपये, एका मुखपृष्ठाचे ८,०००. आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात तो पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. आमच्याकडे फक्त लाइट गेली, पण खालच्या भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा कॉम्प्युटर, स्कॅनर आणि मूळ चित्रांचं कपाट चिखलात गेलं. तिचा चिखल उपसून आल्यावर मी पहिलं काम केलं ते बॅकअपचं. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि मूळ कागद कमरेच्या वरच्या फळीवर. हार्ड डिस्कला चार हजार लागले. त्या महिन्यात ते जड गेले, तरी घेतली.

छापखान्याचंही सांगायला हवं, कारण हे कुठे शिकवत नाहीत. मुखपृष्ठावरची अक्षरं मी युनिकोड फाँटमध्ये केली होती. महालातल्या प्रेसमध्ये फाइल उघडली तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाऊन बसलेला, जोडाक्षरं फुटलेली. तिथल्या दादांना नवल नव्हतं. "मॅडम, टेक्स्ट कर्व्ह करून आणत जा." म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करूनच फाइल द्यायची, आणि मूळ फाइल स्वतःकडे ठेवायची, कारण एकदा कर्व्ह केलं की शुद्धलेखन दुरुस्त होत नाही. इलस्ट्रेटर वापरत असाल तर भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग चालू करा, नाहीतर अक्षरं तुमच्याच पडद्यावर फुटतात. रंगांचं दुःख वेगळं. पडद्यावरचा झगझगीत संत्रा छपाईत विटकरी होतो. छपाईच्या चार शाईंत तो रंग बसतच नाही. नागपूरकरणीला संत्र्याचा रंग जमू नये ही काय वेळ, म्हणून आता मी सुरुवातच सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगांत करते आणि मोठ्या कामाआधी एक नमुना छापून घेते. कडेला तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र, तीनशे डीपीआय, हे तर प्रेसवाले ओरडून सांगतातच.

डिसेंबर २०२३. नागपूरबाहेरच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीचं पॅकिंगवरच्या चित्रांचं काम केलं. आगाऊ रक्कम मिळाली होती, उरलेलं बिल ६४,००० चं. तोपर्यंतचं माझं सगळ्यात मोठं. काम दिलं, कौतुकाचा ईमेल आला, पैसे नाहीत. जानेवारी गेला. फोन केला की "अकाउंट्सला पाठवलंय", अकाउंट्स म्हणे "साहेबांच्या सहीला आहे". बाबा रोज जेवताना काही न विचारता पाहायचे, ते जास्त जाचत होतं.

फेब्रुवारीत उलट त्यांच्याच अकाउंट्समधून फोन आला. तुमचं उद्यम प्रमाणपत्र आहे का, तातडीने पाठवा. मला वाटलं पैसे न द्यायचं नवं निमित्त. सीए ताईंना विचारलं तर त्या हसल्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागतात, हा २००६ चा कायदा. तो होताच. पण त्या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: ही मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. म्हणजे माझे ६४,००० त्यांच्या नफ्यात धरले जाणार आणि त्यावर ते कर भरणार. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कितीतरी कंपन्या अशी प्रमाणपत्रं गोळा करत होत्या. मी लग्नपत्रिकांच्या फाइलमधून कागद काढला, स्कॅन केला, पाठवला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ५७,६०० जमा झाले. १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापून.

उशिराचं व्याज मागण्याचा हक्क होता, बँक दराच्या तिप्पट आणि तेही चक्रवाढ. तेव्हा सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारही करता येत होती. मी दोन्ही केलं नाही. त्या कंपनीचं पुढचं काम हवं होतं, आणि ते मिळालंही. तुम्ही काय कराल ते तुमचं. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि '४५ दिवसांत देय' ही ओळ पहिल्या दिवसापासून छापा, काम सुरू होण्याआधी उद्यम झालेलं असू द्या.

मे २०२४ चं काय सांगू. याच महिन्यात नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं गेलं आणि मग कळलं की यंत्र बिघडलं होतं. आम्हाला दोन्ही बातम्या सारख्याच खऱ्या वाटल्या. कूलर लावला की त्याच्या ओलाव्याने जलरंगाचा कागद फुगतो. बंद केला की रंग कुंचल्यावरच वाळतो. पहाटे पाच ते साडेनऊ कागदावरचं काम, दुपारी कूलरसमोर कॉम्प्युटरवरचं. लोकांना मी उन्हाळ्यात मुदत चार-पाच दिवस जास्तीची सांगते.

जुलै २०२४ मध्ये पहिलं स्वतंत्र आयकर विवरणपत्र. टीडीएस कापलेला खरंच आपल्या पॅनवर जमा झालाय का ते २६एएस या आयकर खात्याच्या पत्रकात पाहायचं. जानेवारी ते मार्चच्या कपातीचं विवरण कंपन्यांनी ३१ मेपर्यंत भरायचं असतं, म्हणून एप्रिलमध्ये घाई करून काही दिसत नाही. कोणी व्यावसायिक फी म्हणून १० टक्के कापलं होतं, कोणी कंत्राट म्हणून १ टक्का. निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरायची, आयकराच्या कलम ४४एडीएची सोय सगळे सांगतात, पण ती ठराविक व्यवसायांना आहे. त्या यादीत इंटिरियर डेकोरेशन नाव घेऊन आहे, चित्रकार नाही. ताईंनी म्हणून प्रत्यक्ष खर्च दाखवून आयटीआर-३ भरलं. इंटरनेट, मॉनिटरचा घसारा, विजेच्या बिलाचा हिस्सा, छपाईचे नमुने, सगळ्याच्या पावत्या लागल्या. वर्षाची जमा ३,८४,०००. त्या वर्षी (२०२३-२४) नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत कर शून्य होता, त्यामुळे कापलेला टीडीएस ऑगस्टमध्ये व्याजासकट परत आला.

२०२४ च्या शेवटी एका प्रकाशनाकडून मुलांच्या पुस्तकाचं काम आलं. बत्तीस पानं, ९०,००० रुपये, आणि करारात एक ओळ: 'चित्रांचे सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमस्वरूपी.' मी कायदा उघडून बसले. हक्क देणं लेखी आणि सही केलेलंच लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उलट बाजूही आहे: पैसे देऊन कोणी चित्र काढून घेतलं आणि काहीच लिहिलं नाही, तर पहिला मालक तोच असं म्हणायला कायद्यात जागा आहे. म्हणून न लिहिणं आपल्या फायद्याचं नसतं. मी उत्तर पाठवलं: मराठी पुस्तक आणि ई-पुस्तक, सात वर्षं, दुसरी भाषा, खेळणी, कॅलेंडर यांचं वेगळं बोलू, मूळ चित्रं माझी, मुखपृष्ठाच्या आत माझं नाव. पंधरा दिवस काहीच नाही. मग संपादकांचा फोन: हिंदीही त्यातच द्या, बाकी मान्य. हिंदीचे १०,००० वाढवून घेतले आणि सही केली.

सध्या मारबतीच्या त्या मालिकेची कॉपीराइट नोंदणी चालू आहे. नोंदणीशिवायही हक्क आपलाच असतो, पण एका कपड्यांच्या दुकानाने ते चित्र टी-शर्टवर छापल्याचं दिसलं, तेव्हा हातात कागद असावा असं वाटलं. कलाकृतीला प्रत्येकी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, डायरी क्रमांक मिळतो, मग कोणाचा आक्षेप येतो का यासाठी ३० दिवस थांबायचं. चित्र मालावर छापायचं असेल तर शुल्क २,००० होतं आणि ट्रेडमार्क कार्यालयाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, म्हणून अर्ज करण्याआधी हे ठरवा. माझे ३० दिवस झाले, पुढची तपासणी बाकी आहे. दुकानाला नोटीस नाही, बिल पाठवलं आहे, ४५ दिवसांच्या ओळीसकट. बाबांनी विचारलं, इसार घेतला होता का.